मंगळावरची तपकीर

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी फक्त चुका बघितल्या.
नोटांचा ताव समोर यायचा,
अंगठा ओला करायचा, कोपरा उचलायचा.
शाई सरकलेली, आकडा पुसट, रेघ केसभर तिरपी,
की लाल पेन्सिलीची खूण आणि ताव बाजूला.
म्हणून नातीने तिकिटं काढली तेव्हाच म्हटलं,
मला नेऊ नकोस, मृण्मयी,
मी सिनेमा बघत नाही. तपासतो.

पुस्तक मूळचं गोवर्धनेचं.
म्हणजे शालिमारच्या फुटपाथवरचं, सव्वा रुपयाचं,
भाषांतर कुणी केलं ते पान उंदराने नेलेलं.
जेवणाच्या सुट्टीत तो मोठ्याने वाचायचा
आणि सुटताना गेटवर झडती.
पहारेकरी पान न् पान उलटायचा,
मध्ये एखादी कोरी नोट तर नाही ना.
असा रोज पाच वाजून दहा मिनिटांनी
मंगळ सरकारी बोटांनी चाळला जायचा.
काही सापडायचं नाही.

आमचा मंगळ अंजनेरीच्या पायथ्याला होता.
लेखकाने लिहिलं होतं ‘तांबूस माळ’.
तेवढंच.
मुरूम आम्ही घातला, दोन निवडुंग,
आणि लांबवर त्र्यंबकची एस.टी., धूळ उडवत.
वसाहतीत पाणी मोजून मिळे,
तर आमच्या डोळ्यांपुढे देवळालीगावातला नळ
आणि नळावरची भांडणं.
शेवटचा माणूस गेल्यावर कबरी राखत उरतो तो यंत्रमानव
गोवर्धनेच्या आवाजात बोलायचा,
आणि गोवर्धने तपकीर ओढायचा,
त्यामुळे आमच्या यंत्रमानवाला कायमची सर्दी.
“मरण म्हणजे काय, मला शिकवलेलं नाही,”
असं म्हणून तो शिंकायचा.

मल्टिप्लेक्समध्ये हुडहुडी भरत होती.
चष्म्यावर दुसरा चष्मा.
पहिल्या दहा मिनिटांत सात चुका.
माळ इतका लाल, की कुंकवाचं पोतं फुटलं असावं.
नायकाला बायको दिलेली, पुस्तकात नव्हती.
जिथे तो अकरा पानं नुसता विचार करतो
तिथे स्फोट.
यंत्रमानव तर शोरूममधून आत्ताच काढल्यासारखा,
आवाज विहिरीतून, हिंदीत,
नाक स्वच्छ.
मी अंधारात अंगठा ओला केला.
उचलायला कोपरा नव्हता.

मध्यंतरात ती म्हणाली, कसा वाटतोय?
रिजेक्ट, म्हटलं.
आजोबा, ती नोट नाहीये.
हुबेहूबच हवं असतं
तर झेरॉक्स काढली असती ना त्यांनी, एवढा खर्च कशाला?
आणि पॉपकॉर्नचा डबा पुढे केला.
मी घेतलं नाही.
मग घेतलं.

कबरीचा प्रसंग आला.
पुस्तकात इथे यंत्रमानवाचं तीन पानी भाषण.
गोवर्धने ते दर वेळी गाळायचा.
म्हणायचा, लेखक चुकला रे,
इथे यंत्राने गप्प बसायला हवं होतं.
आणि बोट ओलं करून तीन पानं एकदम उलटायचा.
मी वाद घालायचो, छापलंय ते वाच.

पडद्यावर यंत्रमानव गुडघ्यावर बसला.
तळव्याने कबरीवरची धूळ झाडली.
वारा आला, धूळ परत बसली.
त्याने परत झाडली.
परत.
एक शब्द नाही, संगीतसुद्धा नाही.
कुठल्या परमुलखातला दिग्दर्शक,
त्याने कँटीनचं ते बाक पाहिलेलं नाही,
आणि गाळली त्याने तीच तीन पानं.

गोवर्धनेला जाऊन नऊ वर्षं झाली.
त्याच्या दहाव्याला रामकुंडावर
मी काय बोलावं ते न सुचून
भटजींचा मंत्र कुठे अडखळतो ते ऐकत उभा होतो.

एसीने माझं नाक चोंदलं होतं.
सगळं थिएटर चिडीचूप,
यंत्रमानवाचा हात धुळीवर,
एवढं एकच राहिलं होतं या प्रतीत.
मी शिंकलो.
पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.
मृण्मयी कुजबुजली, आजोबा, रुमाल.